अंजूच्या नावाचा दाखला

वाडी, नांदूरघाटजवळ
७ नोव्हेंबर २०२५

ऋतुजाताई,

सकाळपासून एकवीस वेळा फोन लावला. तू उचलला न्हाईस, अन् शेवटी बंदच करून टाकलास. म्हणून ही चिठ्ठी नाथाच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवतोय. तुमच्या ठाण्यासमोरच्या डेअरीत तो कॅन उतरवतो. तुझ्या हातातच देईल. वाचणार न्हाई, त्याला दुधाची पावतीसुद्धा वाचायचा कंटाळा हाय.

काल युसूफ वडगावच्या बाजारात तुमच्या लोकांनी छबुबाईच्या खानावळीतून अंजूला उचललं. भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं जीपमध्ये बसवली, हातसुद्धा धुऊ दिले न्हाईत. छबुबाई आडवी आली तर एक जण म्हणला, "म्हातारे, तुझाबी आधार काढ, बघू तू कुठली." समदा बाजार मोबाईल वर करून उभा होता म्हणे. मी तिथं असतो तर आज मीही तुझ्याकडंच आत असतो.

तुला तिच्याबद्दल मी कधी बोललो न्हाई. दिवाळीत तू विचारलंतंस, "दुसऱ्या वर्षाला कॉलेज कावून सोडलंस रे?" मी म्हणलो, मारामारी झाली. मारामारी खरीच झाली, पण ती तिच्यावरून. मी दोन वर्षं छबुबाईकडं जेवत होतो. एका पोरानं अंजूला "बांगलादेशी" म्हणून हाक मारली अन् मी त्याचं डोकं ताटावर आपटलं. प्राचार्य म्हणले, माफी माग. मी दाखला मागितला.

ती चार-पाच वर्षांची असताना आईच्या बोटाला धरून सीमेपलीकडून इकडं वीटभट्टीवर आली. आई तापानं गेली. छबुबाईनं तिला ठेवून घेतली, सातवीपर्यंत शाळेत घातली. आता एकोणीस वर्षांची हाय. आपल्या वाडीतल्या कोणत्याबी पोरीपेक्षा चांगली मराठी बोलती अन् चांगल्या शिव्या देती. तिकडचं तिला काहीसुद्धा आठवत न्हाई. आता तिला कुठं पाठवणार तुमी?

तू पोलीस हायस. तुझे अण्णा सरपंच हायत. आपल्या घरातून एक पोरगी सुटत नसंल तर मग ती वर्दी अन् तो फेटा काय चाटायचा?

माझ्याकडं एक कागद हाय. उद्या तो घेऊन येतोच.

सत्यम

*

ठाणे
८ नोव्हेंबर, सकाळ

सत्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. नाथा कॅन धुवून होईपर्यंत थांबणार आहे, तेवढ्यात लिहिते.

फोन मी मुद्दाम उचलला नाही. तिचा मोबाईल साहेबांच्या टेबलावर आहे. त्यात सगळ्यात वर तुझा नंबर आहे, दिवसाला चाळीस-चाळीस कॉल. आता तुझ्या फोनवरून मला आलेला प्रत्येक कॉलही त्यांना दिसेल. यापुढं फोन नाही, मेसेज नाही. जे असेल ते कागदावर, नाथाच्या हाती.

नीट वाच. तिला आणून दोन दिवस झाले, पण अटक दाखवलेली नाही. डायरीत "चौकशीकामी हजर" एवढंच लिहिलंय. अटक नाही म्हणजे चोवीस तासांत कोर्टापुढं नेण्याचा प्रश्न येत नाही, आणि वकीलही आत येत नाही. असं किती दिवस चालतं ते मला विचारू नको. ती महिला कक्षात माझ्या नजरेसमोर आहे. जेवते आहे.

एक गोष्ट तिच्या बाजूची आहे. तिनं जबाबात सांगितलं, जन्म तिकडचा, पण आईचं माहेर इकडचं, बंगालातल्या नदिया जिल्ह्यातलं. आईच्या तोंडून ऐकलेलं मामाचं नाव सांगितलं, गावाचंही सांगितलं. साहेबांना त्या गावच्या ठाण्याला पत्र पाठवावं लागलं. त्याचं उत्तर येईपर्यंत, जास्तीत जास्त तीस दिवस, तिला कुठं हलवता येत नाही. आई इकडची निघाली तर तिला काहीतरी आधार मिळतो. विधी सेवेच्या वकील आहेत, सत्यशीला मॅडम. मी त्यांना ओळख न दाखवता निरोप दिलाय.

तेव्हा तीस दिवस गप्प बस. कोणताही कागद आणू नको. कसला कागद म्हणतोस ते मला माहीत नाही, आणि लिहूनही कळवू नको. आज मला कोर्ट ड्युटी आहे, संध्याकाळपर्यंत मी ठाण्यात नाही. तू घर सोडू नको.

ऋतुजाताई

*

वाडी
८ नोव्हेंबर, संध्याकाळ

ताई,

तुझं पत्र नाथानं आत्ता साडेसहाला दिलं. मी दुपारीच ठाण्यात जाऊन आलो.

घाबरू नको. साहेब माणूस चांगला हाय. मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, नानांची चौकशी केली. मी म्हणलो, मेंढरं घेऊन घाटाखाली गेलेत, होळीपर्यंत येत न्हाईत. तर म्हणले, "आश्रुबाचा पोरगा का तू, सरपंच अर्जुनरावांचा पुतण्या. मग घरचाच की." मग मी कागद काढला.

लिहू नको म्हणलीस, पण आता लपवून काय करू? तुला ठाऊक हाय अण्णा आठवडाभर बीडला असतात. लोकांचा खोळंबा व्हायला नको म्हणून दर सोमवारी वीस कोऱ्या लेटरपॅडवर सही-शिक्का मारून ठेवतात. अक्षर चांगलं म्हणून कॉलेज सुटल्यापासून दाखले मीच भरतो. कुणाला बँकेला लागतो, कुणाला शाळेला. समदी वाडी त्याच्यावर चालती. श्रावणात मी एक अंजूच्या नावानं भरला. "जन्म याच गावी, जन्मापासून या गावची रहिवासी." मला वाटलं, लग्नाआधी पोरीला लोक साडी देतात, मी गाव देतो.

ती हसून हसून बेजार. "मी वाडीत जन्मले? कुणाच्या घरी, तुझ्या मेंढरांत?" मग कागद परत माझ्या हातात दिला अन् म्हणली, फाडून टाक. मी फाडला म्हणून सांगितलं. फाडला नव्हता.

साहेबानं दाखला उलटासुलटा बघितला. विचारलं, "हा तुझ्याकडं कसा?" आता मीच लिहिला म्हणलो असतो तर अण्णा गुतले असते. म्हणून म्हणलो, तिचाच हाय, तिनं माझ्याकडं ठेवायला दिलाता. ते म्हणले, तेवढं दोन ओळीत लिहून दे. दिलं. गोल शिक्क्याचा कागद बघून त्यांचा चेहराच बदलला ताई. मला तर वाटतं उद्या सोडतील.

तिला भेटू दिलं न्हाई, पण खिडकीतून तिची पाठ दिसली. उभी होती.

सत्यम

*

ठाणे
११ नोव्हेंबर

सत्या,

तीन दिवस मी तुला लिहू शकले नाही.

साहेबांचा चेहरा बदलला तो कशानं, ते सांगते. त्यांनी एका हाताला तिचा जबाब ठेवला, दुसऱ्या हाताला तुझा दाखला. जबाबात जन्म तिकडचा. दाखल्यात जन्म वाडीचा. आणि तुझ्या दोन ओळींत दाखला तिचाच. मी कोर्टातून परत आल्यावर मला तिला घेऊन यायला सांगितलं. म्हणाले, "एक तर तू तिथं खोटं बोललीस, नाहीतर इथं. खोटं बोलणाऱ्या बाईच्या मामाला मी कशाला शोधत बसू?"

तिनं दाखल्याकडं पाहिलं. अक्षर ओळखलं, ते मला कळलं. साहेबांनी तीनदा विचारलं, कुणी लिहून दिला. तिनं नुसतं जमिनीकडं पाहिलं.

नदियाच्या पत्राची वाट बघायची नाही असा शेरा त्याच संध्याकाळी पडला. "बनावट कागद बाळगणारी परकीय व्यक्ती." हे शब्द मी माझ्या हातानं टाईप केले.

काल अण्णांना बोलावलं. तासभर केबिनमध्ये होते. बाहेर आले ते माझ्याकडं न बघता गेले. आज मला महिला कक्षातून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलंय. साहेब म्हणाले, "तुमचं अक्षर बरं आहे, तुमच्या घरात सगळ्यांचंच बरं दिसतंय." ते काय सुचवत होते ते तुला कळेल.

कक्षातल्या माझ्या शेवटच्या दिवशी, काल, मी तिला पेन दिला होता. तिची चिठ्ठी सोबत आहे.

ऋतुजाताई

*

१० नोव्हेंबर

सत्यम,

ताईंनी पेन दिलाय अन् एका जुन्या कागदाची कोरी बाजू. मागच्या बाजूला कुणाची तरी म्हैस चोरीला गेल्याची तक्रार हाय. म्हशीचा रंग, शिंगं, कानाची खूण, कुणाच्या गोठ्यात जन्मली, समदं लिहिलंय. माझ्या कागदात एवढं न्हाई.

येड्या, तू फाडला म्हणलातास.

माझा न्हाई म्हणले असते तर पुढचा सवाल आला असता, मग कुणाचा. म्हणून गप बसले. तू चिडून काहीतरी करशील अन् मग दोघंबी आत बसू. मग तुझी मेंढरं काय सायेब राखणार हाय?

रोज तेच विचारतात. बापाचं नाव, गावाचं नाव, नदीचं नाव. नदी होती एवढं आठवतं, नाव कुठून आणू? राष्ट्रगीत म्हणायला लावलं. मी शेवटपर्यंत म्हणले, एकबी शब्द न चुकता. तर म्हणले, पाठ केलंय. मी म्हणले, तुमीबी पाठच केलं आसंल की. त्यानंतर दोन दिवस बसू दिलं न्हाई. पाय सुजलेत. हे छबुबाईला सांगू नको, ती इथं येऊन वरडंल अन् तिला ढकलून देतील.

फोनातले समदे फोटो एकेक करून बघितले. तुझा मेंढराच्या पिलासंगचा होता. "हा कोण," म्हणले. मी म्हणले, पिलू.

एक बाई दोन वर्षांच्या लेकराला घेऊन हाय माझ्यासंग. ती म्हणती, कोर्टात नेलं तर बरं, न्हाई नेलं तर गाडीत घालतात अन् कुठंतरी शेतात उतरवून सांगतात, सरळ चालत जा, मागं बघू नको. मी तिला म्हणले, मला सरळ चाललं तर युसूफ वडगावच लागंल. ती हसली न्हाई.

मला माराची भीती वाटत न्हाई. तिकडं मला वळखणारं एक माणूस न्हाई, ती वाटती.

छबुबाईला सांग, परातीखाली झाकलेलं पीठ वापरून टाक, आळ्या पडतील. तू येऊ नको.

अंजू

*

वाडी
१५ नोव्हेंबर

ताई,

अंजूची चिठ्ठी वाचून मी दोन दिवस जेवलो न्हाई. आता तुझ्या घरात काय झालं ते ऐक, कारण अण्णा तुला सांगणार न्हाईत.

काल अण्णांनी मला ओसरीवर बोलावलं. पुढ्यात टाईप केलेला कागद. मनकर्णाकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या.

अण्णा म्हणले, "दोन ओळी तू आधीच लिहून दिल्यास. आता फक्त तिसरी. कोरं लेटरपॅड तिनं ऑफिसातून उचललं अन् कुणाकडून तरी भरून घेतलं. सही कर, विषय संपला."

"अण्णा, ती वाडीत कधी पाऊलसुद्धा ठेवलेली न्हाई."

"ते तुला ठाऊक. पोलिसांना सांगायला कोण चाललंय?"

"अक्षर माझं हाय."

"अक्षराचं मी बघतो. साहेबाशी बोलणं झालंय. पोरीनं उचललं म्हणलं की मी बी सुटलो, तू बी सुटलास."

मी म्हणलो, अन् ती? तर काकू सुपातनं मान वर न करता म्हणल्या, "ती जाणारच हाय रे बाळा. जाणारीच्या अंगावर टाकलं तर कुणाचं काय बिघडतं?"

ताई, तुझी आई हाय ती. मला लहानपणी तिनंच भरवलंय. इतक्या मायेनं म्हणली की मला आधी कळलंच न्हाई काय म्हणली ते.

मी तांब्या भिंतीवर मारला. अण्णा उठले अन् कानफटात दिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणले, "तुझ्यापायी ऋतुजाची वर्दी उतरंल, ते कळतं का बे तुला? सात वर्षं ग्राउंडवर पळून मिळवलेली नोकरी हाय पोरीची!"

मी सही केली न्हाई. मंगळवारी ठाण्यात येऊन खरं काय ते सांगतो. दाखला मी लिहिला, तिनं फाड म्हणलं, मी खोटं बोललो. तुझ्या नोकरीचं मला कळतं. पण तू सांग, मी काय करू? तू येऊ नको म्हणलीस तर तेवढा एक दिवस थांबीन. फक्त तुझ्यासाठी.

सत्यम

*

ठाणे
१७ नोव्हेंबर

सत्या,

येऊ नको. चार दिवस थांब.

सत्यशीला मॅडम गुरुवारी अर्ज देणार आहेत. त्याआधी तू काही बोललास तर त्यांचा अर्ज बिघडेल. तुला आत घेतील आणि तुझा जबाब त्यांना हवा तसा लिहून घेतील. आतापर्यंत तू घाईनं जे केलंस त्याचं काय झालं ते पाहिलंस. एकदा माझं ऐक.

ती बरी आहे. छबुबाईचा डबा रोज तिला पोचतो.

अण्णांच्या कागदावर सही करू नको. पण त्यांच्याशी भांडूही नको. त्यांना रक्तदाब आहे.

चार दिवस.

ताई

*

वाडी
२४ नोव्हेंबर

ताई,

चार म्हणलीस, आठवडा झाला. रोज संध्याकाळी रस्त्यावर उभा राहतो. नाथा लांबूनच हात हलवून न्हाई म्हणतो.

आज मी युसूफ वडगावला गेलतो. छबुबाई ओट्यावर बसलेली, पुढ्यात डबे. शनिवारचा डबा परत आला, रविवारचाबी परत आला. झाकण उघडलं तर भाकरी जशीच्या तशी, वर ठेवलेला कांदासुद्धा हललेला न्हाई. दारावरचा शिपाई म्हणला, "या नावाची इथं कुणी न्हाई." छबुबाईनं विचारलं, मग शुक्रवारपर्यंतचे डबे कुणी खाल्ले? तो हसला. म्हणला, "म्हातारे, भाकरी चांगली होती."

ताई, अंजू कुठं हाय?

गुरुवारचा अर्ज दिला का? सत्यशीला मॅडम छबुबाईला भेटून गेल्यात, त्यांचा नंबर मी तिच्याकडून घेतला, पण तू फोन नको म्हणलीस म्हणून लावला न्हाई. मी तुझं समदं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं.

लिही. वाईट असलं तरी लिही.

सत्यम

*

ठाणे
२९ नोव्हेंबर

सत्या,

बुधवारी, एकोणीस तारखेला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत अंजूला आणि बाकीच्यांना नेलं. आधी दुसऱ्या गावच्या ठाण्यात, तिथून पुढं रेल्वेनं. तीन जिल्ह्यांतले मिळून बारा जण. ती लेकराची बाईही त्यात होती. अंजूला कोर्टात नेलंच नाही. तिच्यावर गुन्हाही नोंदवला नाही. गुन्हा नोंदवला असता तर खटला चालेपर्यंत इथं ठेवावं लागलं असतं. नुसता शेरा मारला आणि पाठवून दिलं.

आता जे मी तुझ्यापासून लपवलं ते.

गाडी मागवल्याचा बिनतारी संदेश सतरा तारखेला दुपारी माझ्याच टेबलावरून गेला. मी त्यावर जावक नंबर टाकला, आणि मग तुला लिहायला बसले. "चार दिवस थांब." मला माहीत होतं की चौथ्या दिवशी ती इथं नसेल. तू आला असतास तर कदाचित थांबलं असतं, कदाचित नसतंही. पण तू आला असतास तर अण्णा नक्की आत गेले असते. मी हिशेब केला नाही असं म्हणणार नाही. केला.

सत्यशीला मॅडमचा अर्ज गुरुवारी आला. ती बुधवारी गेली होती.

अजून आहे. नेण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात तिकडचा पत्ता लागतो, गाव, पोस्ट, जिल्हा. तिला ठाऊक नव्हता. साहेब म्हणाले, रकाना मोकळा ठेवला तर फॉर्म परत येतो, काहीतरी भरा. मोबाईलवर नकाशा काढला. नदीच्या काठाचं पहिलं जे नाव मोठ्या अक्षरात दिसलं ते मी लिहिलं. ती समोर उभी होती. म्हणाली, "ताई, हे माझं गाव हाय का?" मी म्हटलं, "अंगठा नको, सही कर, तुला लिहिता येतं." तिनं मराठीत सही केली. आता तू विचारशील पत्ता दे. माझ्याकडं जो पत्ता आहे तो असा आहे.

परवा सत्तावीसला नदियाचं उत्तर आलं. आवक माझ्याकडंच. मामा जिवंत आहे. तिच्या आईचं नाव तिथल्या जुन्या मतदारयादीत आहे, आजोबांच्या नावासकट. मी त्याची नक्कल सत्यशीला मॅडमना दिली. नोकरी जायची असेल तर आता एवढ्यानंही जाईल. त्या म्हणतात, संभाजीनगरला खंडपीठात दाद मागता येईल, तिला परत आणा म्हणून. पण तिथं पहिला प्रश्न हाच येणार की तिनं बनावट दाखला का बाळगला. आणि त्याला पुरावा म्हणून तुझ्या दोन ओळी फाईलला आहेत. त्या दोन ओळी खोट्या आहेत असं कुणीतरी सांगायला हवं. ते एकच माणूस सांगू शकतं.

आणि अण्णांच्या त्या कागदावर तू सही केलीस, तर मग मामा काय आणि मतदारयादी काय, ती कायमची चोर ठरेल. साहेब येत्या शुक्रवारपर्यंत वाट बघणार आहेत, मग तुला बोलावतील.

काय कर ते मी सांगणार नाही. सांगायचा हक्क मी सतरा तारखेला घालवला.

ऋतुजा

*

वाडी
२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी तुला इतक्या शिव्या दिल्या की नानांनी घरी ठेवलेली कोकरं बिथरली. मग बसलो. मग लक्षात आलं, तू चार दिवस थांबवलंस, पण कागद घेऊन पळत गेलो तो मीच. तुला शिव्या देताना निम्म्या माझ्या वाट्याला येतात.

काल छबुबाईच्या फोनवर लांबलचक नंबरवरून फोन आला. एक मिनिटही न्हाई. अंजू होती. कुणाच्या तरी दुकानातून बोलत होती. म्हणली, "छबुबाई, जिवंत हाय. चालायला लावलं, चालले. हितं माझी बोली कुणालाच कळत न्हाई, मला हिंदुस्थानातली म्हणत्यात अन् लांब बसवत्यात." छबुबाईनं विचारलं, कुठं हायस? तर म्हणली, "नाव सांगत्यात पण मला म्हणता येत न्हाई." मग माझं विचारलं. छबुबाई म्हणली, बरा हाय. तेवढ्यात तुटला.

म्हणजे ती हाय. माणूस जिवंत असताना मी तिला चोर कशी ठरवू?

अण्णा आज पुन्हा कागद घेऊन आले होते. या वेळी ओरडले न्हाईत. माझ्या शेजारी खाटेवर बसले अन् म्हणले, "सत्या, मी तुझ्या पाया पडू का?" एवढा मोठा माणूस. मी उठून बाहेर गेलो. नानांना निरोप धाडलाय, मेंढरं सोडून कुणी इकडं येऊ नका म्हणून.

मी अर्ज लिहिलाय. सोबत कच्चा पाठवतोय, वाच. "सदर दाखला मी माझ्या हातानं भरला. ग्रामपंचायतीचं लेटरपॅड ऑफिसात पडलेलं होतं. अंजूनं तो मागितला नव्हता, तिनं फाडून टाकायला सांगितलं, मी फाडला न्हाई. ८ नोव्हेंबरला मी लिहून दिलेल्या दोन ओळी खोट्या आहेत." पुढं माझं नाव, गाव.

गुरुवारी, ४ तारखेला, दहा वाजता घेऊन येतो. तू त्या दिवशी सुट्टी टाक. न्हाई जमलं तर मी आत आलो की मान वर करू नको. मी तुला वळखत न्हाई असाच वागीन. तुझी पत्रं कुणाला सापडणार न्हाईत अशा जागी ठेवलीत.

सत्यम

*

ठाणे
३ डिसेंबर

सत्या,

सुट्टी टाकलेली नाही.

दहाला येऊ नको, साडेनऊला ये. साहेब दहाला येतात. तोवर अर्ज घ्यायचा की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही, माझ्या टेबलावर आलेला कागद मी घेते. दोन प्रती आण, दोन्हींवर सही कर. एक मी रजिस्टरला घेईन. दुसरीवर तोच आवक नंबर, तारीख आणि माझी सही करून तुझ्या हातात देईन. नंबर पडलेला कागद मिळालाच नाही असं मग कुणाला म्हणता येत नाही. ती प्रत घेऊन आधी बाहेर जा. डेअरीच्या बाजूला रिक्षात सत्यशीला मॅडम असतील, त्यांना दे, आणि मग परत आत ये. त्यानंतर तुला लवकर बाहेर पडता येईल असं मला वाटत नाही. स्वेटर घालून ये. फोन घरी ठेव.

तू मला ओळखत नाहीस असं वागू नको. तुझं नाव विचारून लिहिण्याची वेळ आली तर मला लिहिता येणार नाही.

कच्चा अर्ज वाचला. एक ओळ बदल. "लेटरपॅड ऑफिसात पडलेलं होतं" असं लिहिलंयस. पडलेलं नव्हतं. कोऱ्या कागदावर आधीच सही आणि शिक्का मारून कोण ठेवायचं ते लिही. पूर्ण नावानं लिही, पदासकट. अण्णांचं नाव नसलेला अर्ज मी आवक करून घेणार नाही.

ऋतुजाताई